जे दुखत नाही, ते आधी दाखवा

(पेण आणि रोहा तालुक्यांतील बचत गटांच्या एकत्रित मेळाव्यात, कुष्ठरोग विभागातून निवृत्त झालेल्या एका आरोग्य कर्मचारी ताईंनी केलेले हे भाषण. ज्या मैत्रिणींना येता आले नाही त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचून दाखवावे, ही विनंती.)

ताईंनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या आज्यांनो.

तुमच्या प्रभागसंघाने आजचा विषय ठेवलाय 'त्वचा आणि केस'. काही जणींना वाटलं असेल, आता केसांना कुठलं तेल लावायचं आणि चेहऱ्यावरचे वांग कसे घालवायचे ते ऐकायला मिळेल. तेही शेवटी विचारा. पण आधी मी तुम्हाला एका मराठी शास्त्रज्ञ बाईंबद्दल सांगणार आहे. त्यांचं नाव डॉ. कमल रणदिवे. डोळ्यांना दिसत नाही असं कातडीच्या आत काय चाललंय, ते बघण्यात या बाईंनी आयुष्य घालवलं. त्यांचं काम समजलं की आपल्या गटात आपण काय बघायचं, तेही समजेल.

कातडी म्हणजे नुसतं आवरण नाही

मोठ्या माणसाची कातडी अंथरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरेल, म्हणजे एका चटईएवढी. तिचा वरचा थर साधारण महिन्याभरात झडतो आणि खालून नवा येतो. डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, बाजूला घामाची ग्रंथी असते आणि तिथपर्यंत बारीक नसा आलेल्या असतात. पुस्तकात त्यांना मज्जातंतू म्हणतात, आपण नस म्हणूया. तवा गरम आहे, काटा टोचला, मुंगी चावली, हे सगळं आपल्याला नसांमुळे कळतं.

आणखी एक गोष्ट बहुतेकींना माहीत नसते. आईच्या पोटात बाळ तयार होतं तेव्हा केसाचं मूळ, घामाची ग्रंथी आणि छातीतली दुधाची ग्रंथी, या तिन्ही बाळाच्या एकाच बाहेरच्या थरातून आत रुजतात. म्हणजे बाईचं स्तन हे मुळात कातडीचंच लेकरू आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सीताफळाच्या झाडापासून सुरुवात

कमलताई मूळच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलगी हुजूरपागेत शिकली, मग फर्ग्युसनमध्ये. वडिलांच्या मनात होतं की हिने डॉक्टर व्हावं. तिला मात्र झाडं, प्राणी आणि त्यांच्या पेशी यांची ओढ होती. पेशी म्हणजे शरीराची विटेएवढी नव्हे, धुळीच्या कणाएवढी वीट. अशा कोट्यवधी विटांनी आपण बनलोय.

१९३९ मध्ये लग्न झालं. नवरा, जयसिंग रणदिवे, गणितातला माणूस. त्यांनी बायकोच्या पुढच्या शिक्षणाला साथ दिली. १९४३ मध्ये कमलताईंनी पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एम.एस्सी. केलं. विषय काय होता, माहितीये? सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी. तुमच्या परसातलं सीताफळ, त्याच कुळातलं.

मग मुंबईला, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम. तिथे त्यांना डॉ. वसंत रामजी खानोलकर हे गुरू मिळाले. आजारी शरीराचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून रोग ओळखायचं शास्त्र आपल्या देशात रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये कमलताईंची पीएच.डी. झाली. त्यानंतर त्या अमेरिकेत, बाल्टिमोर शहरात, डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवायच्या आणि वाढवायच्या, यात गे यांचा हातखंडा होता.

ही विद्या कशी असते? आपण भाताचं रोप आधी एका वाफ्यात वाढवतो. त्याला खत, पाणी, ऊन बेताचं देतो, किडीपासून जपतो. पेशींचं तसंच. त्यांना अंगाएवढी ऊब लागते, खायला रक्तातलं पाणी लागतं, आणि एकही परका जंतू आत शिरला तर सगळं पीक जातं. परत आल्यावर कमलताईंनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात अशी प्रयोगशाळा उभी केली. पेशी वाढवण्याची ती देशातली पहिली प्रयोगशाळा मानतात. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या प्रभारी संचालकही होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

न लागणारं विरजण

आता आपल्या कामाच्या गोष्टीकडे येते. कुष्ठरोग. नाव काढलं की लगेच पदर सावरून बसलात बघा. म्हणूनच बोलायचंय.

हा रोग एका जंतूमुळे होतो, हे नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलं. त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. पण या जंतूची एक खोड अशी, की तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाही. दूध कितीही चांगलं घ्या, हे विरजण लागत नाही. साधे जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला एकाचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणून लागण झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत साधारण पाच वर्षं जातात, कधी वीस वर्षंसुद्धा.

या जंतूला थंड जागा आवडते. शरीरात थंड जागा कुठल्या? नाक, कानाच्या पाळ्या, हातपायांची टोकं आणि कातडी. डोक्याची केसांखालची जागा उबदार असते, म्हणून तिथे तो सहसा जात नाही. पण भुवयांचे केस, विशेषतः कानाकडच्या टोकाचे, झडू शकतात. आणि त्याचं खरं घर कातडीतल्या नसांमध्ये. रोगाच्या अगदी सुरुवातीलाच जंतू नसांमध्ये कसा शिरतो, याचा बारकाईने अभ्यास खानोलकरांनी केला होता.

कमलताईंच्या चमूने मग असा विचार केला, की याला नस आवडते तर आपण काचेच्या भांड्यात नसेच्या गाठीच्या पेशीच वाढवू. १९५८ मध्ये डॉ. बापट, कमलताई आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या कातडीतून घेतलेला एक जंतू वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे कळलं की हा खुद्द कुष्ठरोगाचा जंतू नव्हे, त्याच्या भावकीतला आहे. तरी कष्ट वाया गेले नाहीत. भावकीतला असल्यामुळे त्याला मारून त्याच संस्थेत लस बनवली गेली. दक्षिण भारतात दीड लाखाहून जास्त माणसांवर वेगवेगळ्या लसींची चाचणी झाली, तिचे निकाल १९९८ मध्ये आले. त्यात या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं. ती सरकारी लसीकरणात आली नाही. पण एका बाईने सीताफळाच्या पेशींपासून सुरू केलेली वाट कुठवर पोचली, ते बघा.

चट्टा कसा ओळखायचा

पावसाळ्यात लावणीला चिखलात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. घामाने काखेत, जांघेत नायटा होतो. गणपतीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचे हात माती आणि रंगाने फुटतात. हे सगळं खाजतं, आग होते, म्हणून आपण लगेच काहीतरी लावतो. (आणि नायट्याला मेडिकलमधून आणून मनाने मलम लावू नका. पुष्कळ मलमांत स्टेरॉईड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग नायटा दुप्पट पसरतो.) कोड असतं, ते दुधासारखं पांढरं. त्या जागी स्पर्श नीट कळतो. कोड संसर्गाचं नाही.

कुष्ठरोगाचा चट्टा वेगळा. तो आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिका असतो किंवा लालसर. खाजत नाही, दुखत नाही. त्या जागी बधिरपणा असतो. घाम येत नाही, जागा कोरडी दिसते, लव झडलेली असते. कारण मघाशी सांगितलं ते: घामाची ग्रंथी, केसाचं मूळ आणि नस एकाच शेजारात राहतात, नस गेली की शेजारही उजाड होतो.

काही जणांना चट्टा दिसतच नाही. चेहरा तेलकट, चकचकीत होतो, कानाच्या पाळ्या जाड होतात, गाठी येतात. हातापायाला मुंग्या येतात, वस्तू हातातून निसटते. चालता चालता पायातून चप्पल निघून गेली तरी कळत नाही. तळपायाला जखम होते आणि दुखत नाही.

आम्ही तपासताना माणसाला डोळे मिटायला सांगायचो आणि बॉलपेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करून विचारायचो, कुठे लागलं ते बोटाने दाखव. चट्ट्यावर टोक लावलं की बोट हलायचंच नाही. तुम्ही घरी मात्र निदान करत बसू नका. तुमचं काम शंका घेण्याचं आणि आशाताईला सांगण्याचं.

लपवलेला हात

एका बाईंबद्दल सांगते, नाव-गाव विचारू नका. गटाची कोषाध्यक्ष होती. हातावर, मनगटाच्या वर फिका चट्टा. भाकरी करताना तिथे तव्याचा चटका बसला, फोड आला, तिला कळलं नाही. मनात शंका आली, पण मुलीला स्थळं बघणं चाललं होतं. तिने लांब बाहीचे ब्लाऊज शिवून घेतले. दोन वर्षं तो हात कोणी पाहिला नाही. मग बैठकीत पैसे मोजताना तिच्या करंगळीजवळच्या बोटांतून नोटा निसटायला लागल्या. सलग तीन बैठका. शेजारी बसणाऱ्या बाईने ते पाहिलं. तिने चारचौघींत विचारलं नाही. परतताना वाटेत विचारलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रात आली.

औषधाने रोग पूर्ण गेला. मुलीचं लग्न झालं. पण दोन बोटं वाकडी झाली ती राहिलीच, कारण मेलेली नस औषधाने परत येत नाही. दोन वर्षं आधी आली असती तर बोटं सरळ राहिली असती. रोगापेक्षा लपवण्याची किंमत तिने जास्त मोजली.

म्हणून सांगते, घाबरण्यासारखं काय आहे आणि काय नाही ते नीट ऐका. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत सांगितली. ही औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आजाराच्या प्रमाणानुसार सहा किंवा बारा महिने घ्यायची. एका गोळीने लघवी लाल होते, ते रक्त नव्हे. दुसरीने काही महिने कातडी काळपट दिसते, औषध थांबल्यावर हळूहळू रंग परत येतो. या कारणाने मधेच औषध सोडू नका. बाया सोडतात, कारण शेजारणी विचारतात, 'काळी का पडलीस?' म्हणून आधीच सांगतेय.

औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होत नाही. हा रोग हात लावून, एका ताटात जेवून, एका सतरंजीवर बसून होत नाही. उपचार न घेतलेल्या माणसाच्या खूप जवळ, खूप दिवस राहिलं तर खोकण्याशिंकण्यातून जंतू जातो. त्यातही शंभरातल्या पंच्याण्णव जणांच्या अंगात त्याला हरवण्याची ताकद जन्मतःच असते. तो पापाने होत नाही, आईबापाकडून रक्तातून येत नाही. घरातल्या माणसांना तपासून एकदाच घ्यायची एक गोळीसुद्धा देतात.

आणि कायदा. पूर्वी नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग असेल तर तेवढ्या कारणावर घटस्फोट मागता यायचा. २०१९ मध्ये कायदा बदलला, ते कारण काढून टाकलं. कोणी सासरहून तसं घालवत असेल तर हे ठामपणे सांगा.

आपल्या जिल्ह्याला तर या कामाचा वारसा आहे. विनोबाजी आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. त्यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली. पनवेलजवळ नेऱ्याचं शांतिवन तुम्हाला माहीतच आहे.

छाती आणि तोंड

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते. दुधाची ग्रंथी कातडीचंच लेकरू. कमलताईंचं कुष्ठरोगाइतकंच मोठं काम स्तनाच्या कर्करोगावर आहे. त्यांनी प्रयोगशाळेत उंदरांच्या पिढ्या वाढवल्या आणि शरीरातली संप्रेरकं, विषाणू, आनुवंशिकता यांचा या रोगाशी काय संबंध, ते शोधलं. हा रोग आणि घराणं यांचा धागा लवकर ओळखणाऱ्यांत त्या होत्या.

इथेही तेच आहे. स्तनातली गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून बाई दाखवत नाही. गाठ लागली, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्डे पडलेली दिसली, बोंड आत ओढलं गेलं, रक्त किंवा पाणी आलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण ती ठरवणार डॉक्टर.

तोंडाच्या आतलं अस्तर हेही कातडीचं नातलग. १९४४ मध्ये खानोलकरांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा अभ्यास मांडला होता. मशेरी लावणाऱ्या, तंबाखू चघळणाऱ्या आज्यांनो, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर दाखवा. तोही आधी दुखत नाही.

कोणी म्हणेल, हे ओळखणं आपल्यासारखीचं काम आहे का? टाटा रुग्णालयानेच १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांसोबत एक मोठा अभ्यास सुरू केला. स्तनाची तपासणी डॉक्टर करत नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केलं होतं. वीस वर्षांनी हिशेब केला तेव्हा, पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

गटाने काय करायचं

कमलताई मोठ्या झाल्या तरी प्रयोगशाळेत कोंडून राहिल्या नाहीत. १९७३ मध्ये काही सहकारी शास्त्रज्ञ मैत्रिणींसोबत त्यांनी भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना काढली. तिचं काम इथून जवळच, वाशीला चालतं. उतारवयात त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात जायच्या, आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करायच्या, बायांना आरोग्य शिकवायच्या. २००१ मध्ये त्या गेल्या. त्यांनी सूक्ष्मदर्शकाने पाहिलं, आपल्याकडे दोन डोळे आणि दर आठवड्याची बैठक आहे. तेवढ्यावर पुष्कळ होतं. दशसूत्रीत आरोग्य आहेच, त्याखाली एवढं लिहून घ्या:

१. महिन्यातून एकदा बैठकीत आठवण करून द्यायची: ज्याला कळ नाही असा चट्टा, ज्याला दुखणं नाही अशी गाठ, ज्याला आग नाही असा तोंडातला डाग. तिन्ही आधी दाखवायचे.

२. घरी आंघोळीच्या वेळी मुलांची पाठ, मांड्या, दंड बघायचे. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, ती बहिणीने, सुनेने, सासूने बघायची.

३. कोणाला शंका आली तर चारचौघींत नाव घ्यायचं नाही. एकीने सोबत जायचं. एस.टी.चं भाडं नसेल तर गटाने बघायचं.

४. पेणच्या आणि रोह्याच्या वाड्यांमधून वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं असतात. औषध चालू असलेलं कोणी स्थलांतर करणार असेल तर निघण्याआधी आशाताईला सांगायचं, म्हणजे पुढच्या महिन्यांची पाकिटं किंवा तिकडच्या केंद्राची चिठ्ठी मिळते.

५. दरवर्षी ३० जानेवारीला ग्रामसभेत कुष्ठरोगाची शपथ वाचतात. त्या दिवशी ग्रामसंघाच्या बाया पुढे बसलेल्या दिसल्या पाहिजेत.

६. उपचार घेणारी, घेतलेली बाई गटात जिथे बसत होती तिथेच बसेल. तिची बचत, तिचं कर्ज, तिची सही, काही बदलायचं नाही.

एवढंच सांगायचं होतं. आता केसांच्या तेलाबद्दल विचारा. आणि जिला एकटीने काही दाखवायचं असेल, ती जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत या, मी तिथेच आहे.